तिच्या वाटणीची डिस्क

आणखी एक डिस्क वाया गेली. नवरा कुरिअरवाल्याला वाटेला लावून आत आला, तोवर कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल फुली उमटली होती आणि ट्रे बाहेर आला होता.

"घ्या! स्वस्तातल्या आणल्या असतील," बायको म्हणाली. "दुसरं काय होणार?"

"नेहमीच्याच आहेत," तो पुटपुटला.

बाहेरच्या खोलीत तिच्या बॅगा भरून तयार होत्या. संध्याकाळी तिचा भाऊ गाडी घेऊन न्यायला येणार होता. आता वेगळं राहायचं, हे दोघांनी मिळून, आवाज न चढवता ठरवलं होतं. भांडले असते तर एक वेळ बरं झालं असतं. पण भांडायलाही दोन माणसं लागतात, आणि हा गृहस्थ तोंडाला कुलूप लावून बसणारा. बायकोनं काहीही विचारावं, यानं "हं" म्हणावं. लेक शिकायला वसतिगृहात गेल्यापासून तर घरात त्या "हं"शिवाय दुसरा आवाजच उरला नव्हता.

भांडी, पुस्तकं, कपाट, कशावरूनही ओढाताण झाली नाही. राहिले लेकीचे फोटो. बाळसं धरलेली, दात पडलेली, शाळेत निघालेली अशी सगळी लेक या जुन्या कॉम्प्युटरमध्ये होती. "त्याची एक प्रत मला हवी. पूर्ण. एकही फोटो मागे ठेवून मी जायची नाही," असं तिनं बजावलं होतं. म्हणून सकाळपासून नवरा फोटो डिस्कवर उतरवत होता, आणि डिस्कमागून डिस्क बाद होत होती.

खरं सांगायचं तर त्याला मनातून बरंच वाटत होतं. डिस्क बिघडली की ती आणखी थोडा वेळ शेजारच्या खुर्चीत बसे. 'जाऊ नकोस' एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण शब्द ओठांपर्यंत येत आणि तिथूनच माघारी फिरत.

त्यानं नवी डिस्क घातली. पडद्यावर किती काम झालं ते दाखवणारी पट्टी सरकायला लागली.

"हा आठवतो?" बायकोनं पडद्यावरच्या एका फोटोवर बोट ठेवलं. लेक साबणाच्या फेसात बसली होती. "तुम्ही काढलेला. माझं डोकं कापलंत."

"चौकटीत मावत नव्हतं."

"माझं डोकं?"

"त्यातला राग."

ती खळखळून हसली. तोही हसला. मग दोघांनाही बॅगांची आठवण झाली.

बाहेर फोन वाजला. तो उठला. तिचाच भाऊ होता, आणि तो दिवसभर कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस.

"झालं का, दाजी? निघतोय मी."

"डिस्क बिघडतायत."

"वेग अगदी कमी ठेवा. बाकी सगळं बंद करा. आणि चालू असताना मशीनला हात लावायचा नाही. मग बिघडायची काय बिशाद आहे!"

तो आत आला तर पुन्हा लाल फुली. बायको कपाळाला हात लावून बसली होती.

"भाऊ यायची वेळ झाली," ती म्हणाली. "तुम्ही हे मुद्दाम तर करत नाही ना?"

त्याचा चेहरा पडला. त्यानं काहीच केलं नव्हतं. पण मनात बरं वाटून घेतलं होतं, आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. जाणाऱ्या माणसाला असं अडकवून ठेवणं काही खरं नव्हे. बोलायचं धाडस नसेल तर निदान तिचं काम तरी नीट करून द्यावं, असं त्यानं ठरवलं.

पाकिटात आता एकच कोरी डिस्क उरली होती. त्यानं ती शर्टाला पुसली, वेग कमी केला, बाकी सगळं बंद केलं.

"आता नाही बिघडणार," तो म्हणाला.

"नक्की?"

"हं."

"बरं झालं," ती म्हणाली आणि पडद्याकडे बघत राहिली.

तो चहा टाकायला स्वयंपाकघरात गेला. सवयीनं दोन कप काढले आणि उद्यापासून एकच काढायचा, हे लक्षात येऊन त्याला रडूच फुटलं. नळाच्या पाण्यानं त्यानं तोंड धुतलं. 'जाऊ नकोस' म्हणता येत नसेल तर 'जेवून जा' तरी म्हणावं, असं मनाशी घोकत तो दारापर्यंत आला.

बायको त्याच्याकडे पाठ करून बसली होती. पट्टी जवळजवळ टोकाला पोचली होती. तिनं खिडकीतून खाली रस्त्यावर नजर टाकली, भाऊ आला का बघायला. मग माउस जवळ ओढला आणि 'थांबवा'वर दाबलं. खरंच थांबवायचं का, असं कॉम्प्युटरनं तिला विचारलं. तिनं 'होय' दाबलं.

लाल फुली उमटली. ती खुर्चीत मागे रेलली आणि वळून न बघताच स्वयंपाकघराच्या दिशेनं वैतागून ओरडली, "अहो, ही पण गेली बघा!"