उरलेल्या सहा पायऱ्या

“लेड-ॲसिड बॅटरी दोन तास चालते आणि हळूहळू मंदावते. लिथियम चार तास प्रखर राहते, पण एकदम विझते,” जिन्यातला आपत्कालीन दिवा उघडत मी काकूंना सांगितले.

“लिथियमच बसव, बाळा. दोन तासांत हे दुसऱ्या मजल्यापर्यंतच येतात. दिवा मंदावला की पावलं थांबतात.”

मी लिथियम बॅटरी बसवली. गेल्या वर्षी वीज गेली असताना काका याच खिडकी नसलेल्या जिन्यात कोसळून वारले होते.

चाचणीसाठी मी मुख्य स्विच बंद करून काकूंच्या दाराच्या थोडे खाली पायरीवर बसलो. काकू चौथ्या मजल्यावर दाराआड थांबल्या. थोड्याच वेळात तळाशी काठीचा ठोका ऐकू आला. एकेका पायरीवर दम खात तो चढत होता. चौथा तास संपता संपता तो माझ्या खालच्या पायरीवर पोहोचला. काकूंचे दार सहाच पायऱ्या दूर होते, आणि दिवा एकदम विझला. ठोका थांबला.

पळून जावेसे वाटले. पण त्या काळोखात कोणीतरी माझ्याइतकेच भिऊन उभे होते. मोबाइलचा उजेड पायरीवर धरून, मागे न पाहता मी सावकाश चढू लागलो. मागोमाग ठोका निघाला.

दार उघडले. माझ्या खांद्यावरून मागे पाहत काकू म्हणाल्या, “किती हो वेळ लावलात!”