सेवाचं गोड

पुरनलालनं दुपट्ट्याची गाठ सोडून चार सेव, म्हणजे सफरचंदं, काढली आणि बायकोच्या पुढ्यात ठेवली.

"लहानीले दे. सांग, त्या मडमेच्या घरी शिकली ते सेवाचं गोड करून दाखव म्हणा."

सुखवंतानं सफरचंदं उचलली. बारा वर्षांच्या संसारात या माणसानं गोंदियाच्या बाजारातून तिच्यासाठी कधी साधी बोरं आणली नव्हती, आणि आज सफरचंदं आणली ती धाकट्या जावेसाठी. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण निरोप न्यायलाच हवा होता. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यापुढं, म्हणजे थोरल्या दिरापुढं, यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, ही घरची रीत. त्यामुळे दोघांमधला शब्द न् शब्द सुखवंताच्याच तोंडून जायचा.

मागच्या रांधणीत धाकटी जाऊ प्रेमिला निरोप ऐकून हरखलीच. गोंदियाला तिच्या बापाच्या रेल्वे क्वार्टरजवळ एक मडम राहायची. स्वराज्य आल्यावर ती विलायतेला निघून गेली, पण जाण्याआधी पोरीला हे शिकवून गेली. प्रेमिलानं कणकेत तूप चोळलं, पोळी लाटून गंजाच्या, खोलगट पातेल्याच्या, बुडाशी अंथरली, तिच्यावर फोडी पसरल्या, साखर पेरली आणि वरून दुसरी पोळी घातली. मग चुलीपाशी येऊन अडली.

"बाई, मडमेकडे लोखंडाची भट्टी होती. मले गोवऱ्यायचा अंदाज नाही. तुमी बसा ना इथं."

गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजावेत ते सुखवंतानंच, असं सगळं गाव म्हणायचं. ती बसली. गंजाखाली निखारे सारले, वर झाकण ठेवून त्यावरही ठेवले. आणखी चार टाकले की वरच्या पोळीचा कोळसा होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जळू दे मेलं, असं ती मनात दहादा म्हणाली. पण जळका वास यायच्या आत तिच्या हातानं झाकणावरचे निखारे बाजूला ओढले. हाताला सवयच तशी.

गोड छान लालसर उतरलं. ताटली घेऊन सुखवंता पुढच्या छपरीत गेली. पुरनलालनं एक घास घेतला, दुसरा घेतला, मग चक्क बोटं चाटली.

"सांग तिले," तो म्हणाला, "जिंदगीत असं कोणाच्या हातचं खाल्लं नाही मी."

कोणाच्या हातचं नाही! मग बारा वर्षं हा काय उपाशी बसला होता? सुखवंता तरातरा आत गेली. प्रेमिला दाराशीच उभी होती.

"काय म्हणले, बाई?"

"आंबट लागते म्हणतात. पुरं खाल्लंही नाही."

प्रेमिलाचा चेहरा पडला.

"माफी मांगा त्यायले. साखर मीच कमी टाकली. अन् सांगा, भाजलं बाईनं, ते एकदम बराबर भाजलं. माझ्यापायी तुमाले बोल नको."

छपरीपर्यंत जाताना सुखवंताला वाटलं, भाजण्याचं तरी सांगावं. तेवढं एक तिचं स्वतःचं होतं. पण ते सांगायचं तर माफीही सांगावी लागली असती, आणि माफी कशाची तेही. शिवाय पोरगी मनानं चांगली निघाली, हेच तिला सगळ्यांत जास्त खुपत होतं.

"काय म्हणते?" पुरनलालनं विचारलं.

"सेव आता पुन्हा आणू नका म्हणते."

"काऊन?"

"मले काय माहीत? लय खटपट होते म्हणते."

तो हिरमुसला. "बरं. नाही आणत." ताटलीत एक तुकडा उरला होता. तो त्यानं तिच्याकडे सरकवला. "खाऊन पाय. तुले तरी पुन्हा कुठं भेटणार?"

सुखवंतानं आतापर्यंत सफरचंद कधी चाखलं नव्हतं. उभ्या उभ्याच तिनं तो तुकडा तोंडात टाकला. वरची पोळी खुसखुशीत, आतलं फळ लोण्यासारखं मऊ. इतकं चांगलं झालं होतं की तिला रडूच फुटलं, आणि हे आता ती घरात कोणालाच सांगू शकत नव्हती.