मापानं शिवलेली जाहिरात

"डावखुरे आहात ना? मग तेही टाकू," व्हिसावाली बाई म्हणाली.

"कामापुरता आहे," कुलूपवाला म्हणाला. "जेवतो उजव्यानं. दुकानातलं टेबलच डाव्या हाताच्या माणसासाठी केलेलं, म्हणून सवय लागली. पण जाहिरातीत कशाला?"

"अहो, नियम समजून घ्या. परदेशातल्या मालकाला तुम्हाला बोलवायचंय, तर आधी महिनाभर त्यानं तिथं जागेची जाहिरात द्यायची. तिथला एकही लायक माणूस आला नाही, तरच तुमचं वर्क परमिट. आला, की तुम्ही घरी. म्हणून जाहिरात तुमच्या मापानं शिवायची. दुसऱ्या कुणाच्या अंगात जाता कामा नये."

मालकाचं तिकडे जुन्या तिजोऱ्यांचं संग्रहालय होतं. निम्म्या तिजोऱ्या उघडत नव्हत्या. त्यालाही हाच माणूस हवा होता, त्यामुळे बाई सांगेल ते तो घालत गेला. डावखुरा असावा. स्क्रूड्रायव्हरचं एक टोक दातात आणि दुसरं कुलपावर धरून आतला आवाज ऐकणारा असावा.

"तिकडे कुणालाच येत नाही अशी एखादी भाषा?" बाईनं विचारलं.

"मराठी."

"टाका."

"तिजोरीला मराठी कशाला लागते?"

"तिजोरी तक्रार करणार आहे का?"

जाहिरात लागली आणि कुलूपवाल्याची झोप उडाली. इकडे दुकानात राम उरला नव्हता. लोक आता बोटानं दारं उघडत होते आणि बोट हरवलं म्हणून कुणी येत नाही. दुकान रिकामं करा, असं जागामालक दोनदा सांगून गेला होता. परमिट आलं नाही तर करायचं काय, हे तो रोज आईला विचारायचा. ती "बघू" एवढंच म्हणायची.

त्याला डावखुऱ्या माणसांची धास्ती बसली. बँकेत एक बाई डाव्या हातानं सही करताना दिसली, तर त्याला दरदरून घाम फुटला. डोळा लागला की एक माणूस यायचा. त्याला चेहरा नसायचा. दातात स्क्रूड्रायव्हर असायचा आणि तो मराठीत गुणगुणायचा.

"जीव टांगणीला लागलाय गं," तो आईला म्हणाला.

"तुझ्यासारखा दुसरा कुठून येणार? एकाला जन्म देताना माझा जीव जायची वेळ आली होती."

"पण आलाच तर?"

"आलाच तर विचार त्याला, आमचं कपाट उघडतोस का म्हणून."

हा घरातला जुना टोमणा होता. आईच्या खोलीतलं लोखंडी कपाट कित्येक वर्षं बंद होतं. त्याचं कुलूप वडिलांनी दुकानातल्या त्याच टेबलावर स्वतः घडवलेलं. वडील एका सकाळी नदीवर पोहायला गेले. काठावर चपला सापडल्या, वडील सापडले नाहीत. किल्ली कायम त्यांच्या करगोट्याला असायची, म्हणजे तीही नदीत गेली. आईचे लग्नातले कपडे आत राहिले. गावभरच्या तिजोऱ्या उघडणाऱ्या मुलाला ते कुलूप काही उघडलं नाही, आणि फोडायला आई तयार नव्हती. "शेवटची वस्तू आहे त्यांची," म्हणायची. मग कपाटावर त्यांचा फोटो ठेवला, तेवढाच त्याचा उपयोग.

महिना संपत आला. कुणी आलं नाही. व्हिसावाली बाई म्हणाली, "बॅग काढून ठेवा." त्यानं काढली आणि भीतीपोटी परत माळ्यावर टाकली.

शेवटच्या दिवशी दुपारी फोन वाजला. त्याचे हात ग्रीसनं भरलेले होते, म्हणून त्यानं कोपरानं स्पीकर लावला. आई पाठमोरी बसून मटार सोलत होती. मालकाची भाषा तिला कळत नसे.

"वाईट बातमी आहे," मालक म्हणाला. "एक जण आलाय."

कुलूपवाल्यानं विचारलं, "डावखुरा?"

"डावखुरा. म्हातारा आहे. बरीच वर्षं इथं बागेत झाडू मारतो, इथला नागरिक आहे. म्हणतो, जाहिरात वाचून वाटलं, कुणीतरी माझंच वर्णन छापलंय. माझ्यासमोर दातात स्क्रूड्रायव्हर धरून त्यानं तिजोरी उघडली. हरामखोरानं दुसरीही उघडली."

"मग आता?"

"एक अट राहिली. ती भाषा. इथं ती तपासणार कोण? तूच तपास. तो माझ्यासमोर बसलाय. तू म्हणालास येत नाही, तर परमिट तुझं."

कुलूपवाल्याला आधी हसू आलं, मग अंगावर काटा. एक शब्द पुरे होता. समोरच्यानं कीर्तन केलं तरी "येत नाही" म्हणायचं. खोटं होतं, पण दुकानही जात होतं. त्यानं मनाशी ठरवलं. दिखाव्यापुरतं बोलायचं तेवढं राहिलं होतं.

"नमस्कार," तो मराठीत म्हणाला. "मी इकडचा कुलूपवाला बोलतोय. माझ्या जागेसाठी तुम्ही आलाय. काहीतरी बोला. काहीही."

पलीकडे खुर्ची करकरली. कुणीतरी श्वास घेतला आणि तो सोडायला विसरलं.

"बोला ना, काका."

मग एक म्हातारा, खरखरीत आवाज अगदी स्वच्छ मराठीत म्हणाला,

"मला मराठी येत नाही."

मटार सोलण्याचा आवाज थांबला. आई उठली, हात पुसले आणि फोनजवळ येऊन उभी राहिली.

"विचार त्यांना," ती म्हणाली, "कपाटाची किल्ली कुठंय."