पिठाला हात लावायचा नाही

"याडी, तुम्ही आज फुलसावंगीले जाच," वर्षा म्हणाली. "ममताताई कवाच्या बोलवून राह्यल्या."

लालीबाईनं सुनेकडे एकदा पाहिलं. लेकीकडे जायचं तर जायचं. पिशवीत लुगडं कोंबलं आणि बस धरली.

वर्षाला वाईट वाटलं, पण इलाज नव्हता. उद्या दुपारी पांढरकवड्याच्या हायवेवरचा ढाबेवाला पाव चाखायला येणार होता. आवडले तर रोजचे पाव तिच्या घरून जाणार. लग्नानंतर पहिल्यांदा काहीतरी तिचं स्वतःचं होणार होतं.

आणि या पावाचं तरी काय सांगावं! आज फुगला, उद्या रुसला. मैदा तोच, यीस्ट तेच, ओव्हन तोच. तरी एक दिवस कापसासारखा मऊ, तर दुसऱ्या दिवशी कुत्र्याला फेकून मारावा असा. एक बरं होतं, पाव बिघडे त्या दिवशी लालीबाई नेमकी शेतात वेचणीला गेलेली असे. घरी असती तर तिचं तोंड कोण धरणार? "भाकर सोडून हे कायले?" हे तर रोजचंच होतं.

त्यात मागच्या आठवड्यात ती धुणं धुऊन आली, तर पिठाचा गंज, ते मोठं पातेलं, ओट्यावरून हललेला दिसला. झाकणाला कापसाचे तंतू चिकटलेले.

"मांजर आलतं. उचलून ठेवला," लालीबाई नजर चुकवून म्हणाली होती.

मोबाइलवर पाव शिकवणारी बाई तर बजावून सांगायची, पीठ फुगताना हात लावायचा नाही. वर्षा काय समजायचं ते समजली.

सासूला लेकीकडे धाडल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं भल्या सकाळी पीठ मळलं, गंजावर झाकण ठेवलं आणि स्वयंपाकघराला कडी घातली. बाहेर हात गारठत होते. ऊन अंगणात उतरलं तेव्हा तिनं झाकण काढलं. पीठ होतं तिथंच बसलेलं.

ती तिथंच खाली बसली. तेवढ्यात फोन वाजला.

"फुगलं का पीठ?" लालीबाईनं हळूच विचारलं.

"नाही याडी." वर्षाला रडू आलं. "कोणी हातसुद्धा लावला नाही."

"म्हणूनच नाही फुगलं, बाई. एवढ्या थंडीत कसं फुगन? तू हसशीन म्हणून सांगतलं नाही तुले. कापसाच्या खोलीत जाय, ढिगात खड्डा कर, अन् गंज पोटाशी घेऊन बस. मी घरी असतो तवा, तू धुण्याले गेली का रोज हेच करतो."