गोंड्यांच्या चिठ्ठ्या

आईच्या दोऱ्याच्या डब्यात या महिन्याच्या एकवीस चिठ्ठ्या होत्या. दुकानात कुणी पदराला गोंडे बांधायला साडी दिली, की आई तिच्यावर नावाची चिठ्ठी टाचते आणि काम झालं की चिठ्ठी डब्यात ठेवते. गोंडे फुकट, म्हणून बिल नसतं. वडगावातलं आमचं साडीचं दुकान बंद करावं का, हा निर्णय माझे वडील, अण्णा, तीन वर्षं पुढं ढकलत होते. किती गिऱ्हाइकं उरलीत हे त्यांना कळावं म्हणून मी संगणकावर नियम घातला: दोन वर्षांत बिल नाही, तर गिऱ्हाईक तुटलं. साठ नावं निघाली. चिठ्ठ्यांवरची चौदा त्यांत होती. "सदलग्याची बाई तुटली?" आई हसली. "परवाच आलती की! लेकीच्या लग्नाचा बस्ता इथंच बांधणार म्हणाली." मी नियम खोडला. बिल नव्हे, दुकानात येणं मोजायचं ठरवलं. अण्णांनी चौदा चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. "उद्यापासून नावं वहीत लिहीत जा," ते आईला म्हणाले. "दुकान बंद करायचं न्हाय."