फेनिलवाले साहेब

गोकुळदासांनी टोपावर वाकून वास घेतला, तशी सुमंगलेनं पदराचं टोक मुठीत आवळलं. अळसांद्यांची, म्हणजे मोठ्या चवळीची, पातळ भाजी कालची होती. सकाळीच त्यातलं खोबरं आंबून उतरलं होतं. तिनं वर कोथिंबीर पेरून ते दडपलं होतं. दोनदा या माणसानं शिळं म्हणून तिच्या टोपात फरशी पुसायचं फेनिल ओतलं होतं. तिसऱ्यांदा सापडली तर कोर्ट, आणि गाडा बंद.

"बरी आहे," गोकुळदास म्हणाले.

सुमंगलेचा कानांवर विश्वास बसेना. डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात या फूड इन्स्पेक्टरच्या नाकाची दहशत होती. बांगडा कुठल्या दिवशी पाण्याबाहेर आला ते म्हणे साहेब स्कूटरवरूनच सांगत. "फेनिलवालो आयलो!" अशी हाक एका टोकाला उठली की दुसऱ्या टोकापर्यंत झाकणं पडत. चहासुद्धा कोणी विचारत नसे. आषाढात साहेबांची बायको गेली तेव्हा बाजारभर हळहळ झाली. दारात मात्र एकही जण गेला नाही. गेलं तर डोळे पुसायचे की परवाना दाखवायचा?

गोवा राज्य झाल्याला चार महिने झाले होते, पण साहेबांच्या बॅगेत शिक्का अजून संघप्रदेशाचाच होता. त्याच्याशेजारी लाखेची कांडी, फेनिलची बाटली आणि तळाशी स्टीलचा डबा. आज उन्हानं म्हणा, दमल्यानं म्हणा, ते तिच्याच बाकावर टेकले आणि त्यांनी डबा उघडला.

दोन हात लांब उभ्या सुमंगलेच्या नाकात तो वास भसकन शिरला. वरणाला तार सुटली होती. साहेब भात कालवून निवांत खात होते. एक घास. दुसरा.

तिच्या सगळं ध्यानात आलं. गप्प राहिलं तर तिचा टोप वाचत होता. नुसता तिचाच नाही. साहेब पेन्शनीत जाईपर्यंत अख्खा बाजार वाचत होता.

साहेबांनी तिसरा घास उचलला. तिनं डबा ओढून घेतला. बॅगेतली बाटली काढली आणि भातावर फेनिल ओतलं, अगदी ते ओततात तसं, कडेकडेनं.

"बाई! सरकारी माणसाचा डबा..."

"नासलां हें, साहेब. चार दिसांचां आसतलां. वास येना तुमकां?"

गोकुळदास डब्यावर वाकले. फेनिलचा वास घेऊन पाहिला. पुन्हा घेतला. मग तसेच वाकून राहिले.

सुमंगलेनं उरलेली बाटली आपल्या टोपात रिकामी केली. "ही भाजी पण कालचीच. लिवा आता काय तां."

साहेबांनी कागद काढला नाही. डबा मांडीवर घेऊन बसले. बाजूच्या गाड्यांवरची झाकणं हळूहळू उघडली, तरी बसलेच.

"कशालाच चव लागत नव्हती," ते म्हणाले. "मला वाटलं, ती गेली म्हणून."