सक्तीचं सीट कव्हर

गाड्यांची टंचाई काय झाली, शोरूमचा मॅनेजर भलताच भाव खाऊ लागला. शिवणकाम करणाऱ्या बाई आठ महिने ताटकळल्यावर आज गाडी न्यायला आल्या, तर त्याने नवंच बिल पुढे सरकवलं. “सीट कव्हर आमच्याकडूनच घ्यायचं, मावशी. बारा हजार. नाही परवडत? मागे रांग लागलीय.” बाईंनी गाडीत वाकून कव्हरची कड उलटली. आतला तिरका टाका त्यांच्याच हातचा होता! त्यांना शिवणकाम देणारा ठेकेदार एका कव्हरचे जेमतेम सहाशे टेकवायचा. बाईंनी विचारलं, “शनिवारपर्यंत चाळीस कव्हरं हवीत ना तुम्हाला?” “तुम्हाला कसं कळलं?” “शिवणारी मीच. सध्या टंचाई आहे, साहेब. आठ महिने थांबा.” मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने मुकाट्याने बिल फाडलं आणि उठून दोन्ही हातांनी किल्ली पुढे केली. ती बोटावर फिरवत बाई म्हणाल्या, “आणि कव्हरांसोबत उशांचे अभ्रेही माझ्याकडूनच घ्यायचे.”